व्यवसायाचा रकाना

हॅरोक्लफच्या चर्चात मी चौतीस वर्षं नोंदी केल्या.
जन्म, लग्न, दफन.
शाई घरची, माजूफळाची; थंडीत गोठायची,
मग दौत काखेत धरून बसायचो.
नाव, बापाचं नाव, आणि शेवटी एक अरुंद रकाना.

सुरुवातीला त्यात मावायचं नाही माणूस.
विणकर, शिवाय एक गाय.
विणकर, आणि लग्नांत फिडल वाजवणारा
(हे पाद्रीबुवांनी खोडायला लावलं. मी अर्धंच खोडलं).
सोमवारी कुणी मागाला शिवत नसे.
सोमवारही संतच, म्हणायचे, त्याचा मान ठेवावा.
मंगळवारी डोकी दुखत.
बुधवारपासून मात्र टेकडीवरच्या माडीमाडीतून
खटक्-खट, खटक्-खट.
डोळे मिटून सांगता यायचं
कुणाचा माग, आणि आज कुणावर राग.

मग खाली ओढ्यावर जेबेझ ऑर्मरॉडने पाच मजले चढवले.
माणूस वाईट नव्हता. हेही लिहायला हवं.
पहाटे चारला उठून पाणचक्कीत अडकलेल्या फांद्या
स्वतः ओढून काढायचा, कोपरापर्यंत बर्फात.
चर्चला घंटा दिली त्याने, माझ्या खोलीला शेगडी.
त्या हिवाळ्यापासून शाई गोठली नाही.

फक्त बोलायची एक ढब होती.
"थ्रेलफॉल, मला चाळीस हात लागतील."
मला वाटलं, कापड मोजतोय.

ते हात लंडनहून आले, गाडीत, पेंढ्यावर बसून.
नऊच्या खालचं नको, असा वरून कागद होता,
आणि वय तर कुणालाच ठाऊक नव्हतं.
मुकादम एकेकाची हनुवटी धरून तोंड उघडायला लावी,
बाजारात घोड्याचं बघतात तसं.
"लिही, नऊ."
एकीच्या पुढच्या दातांच्या जागी खिंडार.
पडलेला दात तिने मुठीत धरला होता,
कुणाला द्यायचा ते न कळल्यासारखा.
डॉर्कस, म्हणाली. आडनाव नाही.
मी लिहिलं: डॉर्कस. नऊ.
शेगडी छान पेटली होती.

पुढे रकान्यात जागा उरू लागली.
गिरणीचा हात.
खाली: तोच.
खाली नुसत्या दोन रेघा.

टॅबिथा हॅलिवेल नवऱ्याचं दफन नोंदवायला आली.
"विणकर लिहा."
म्हटलं, बाई, माग तर जत्रेत विकलात ना?
"माग विकला. विणणं घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं."
विणकर लिहिलं. आणि फिडलही लिहिली.
कुणी खोडायला सांगितलं नाही; एव्हाना कुणी वाचतच नव्हतं.

ऑर्मरॉड गेला तेव्हा संगमरवरावर सतरा ओळी आल्या.
चार शब्द मीच सुचवले होते, त्यातला एक 'पिता'.
घंटा त्याचीच; तीच वाजवली.

आणि बारा वर्षांनी डॉर्कस दारात,
केसांत कापसाचं म्हातारपण, ओठांत हसू.
"पुस्तक काढा. मी किती वर्षांची?"
मी पान उलटलं. माझंच अक्षर, वळणदार, खोटं.
नऊ आणि बारा, एकवीस.
एकविसाव्याला करार संपतो; गिरणी धरून ठेवू शकत नाही.
ती बोटांवर पुन्हा मोजत होती.
"म्हणजे तीन वर्षं तुम्ही माझी
हातची धरून ठेवलीत?"

मी काहीच धरलं नव्हतं, पोरी.
मला ऊब हवी होती.
हे म्हणालो नाही. नक्कल करून दिली,
व्यवसायाच्या रकान्यापाशी आलो आणि थांबलो.
"तिथे काय लिहू?"

तिने खिडकीतून वर पाहिलं,
जिथे एके काळी बुधवार ऐकू यायचा.
"राहू द्या मोकळा," म्हणाली, "मला घाई आहे,"
आणि शाई वाळायच्या आत कागद उचलला.
तिच्या अंगठ्यावर माझी अर्धी सही गेली.