ओळ अकरावी, डावी कड तुटलेली

मे महिना. साखर पेठेत सकाळी नऊलाच
पत्रा तडतडायला लागतो.
टेबलावर हित्ती भाषेतल्या मातीच्या पाटीचा फोटो,
झेरॉक्सवर झेरॉक्स काढून करपलेला,
आणि अकराव्या ओळीत एक शब्द
जो त्या अख्ख्या भाषेत पुन्हा कुठे आलाच नाही.

आजूबाजूचं कळतं:
एक म्हातारी आजाऱ्याच्या अंगाभोवती
निळी लोकर गुंडाळते, मग तांबडी,
मग दोन्ही सोडते,
मग (इथे तो शब्द)
मग सगळं नदीत टाकते.

कोशात दोन अर्थ, दोघांपुढे प्रश्नचिन्ह.
एक म्हणतो कात्री. एक म्हणतो थुंकी.
कात्री आणि थुंकी यांच्या मधल्या जागेत
मी एकोणीस दिवस बसून आहे.

पाण्याला ते वातर म्हणत. त्यात वाद नाही,
आपल्या उदकाचं ते दूरचं भावंड.
शब्द पक्का आहे.
पाणी मात्र आमच्या नळाला पाचव्या दिवशी,
तेही पहाटे तीनला.

शेवटी कागद घेऊन गेलो भूमय्या इराबत्तीकडे.
चाळीस वर्षं तो चादरींसाठी जकार्डचे पत्ते पाडतोय:
पुठ्ठ्यावर भोकं, भोकांमागून मोर,
मोरामागून कारखान्याचं नाव.
चष्मा कपाळावर सारून
त्यानं त्या खिळ्यांच्या खुणा अंगठ्यानं मोजल्या
आणि विचारलं, "हा माणूस डावखुरा होता काय?"
मला माहीत नव्हतं. कुणालाच नाही.
"इथं थांबलाय बघ. हात उचलून परत ठेवलाय.
एक भोक जास्तीचं पडलंय."

म्हणजे चूक?

भूमय्या तंबाखू मळत राहिला.
"एकोणऐंशी साली माझ्या हातनं मोराला तिसरा पाय फुटला.
मालकाच्या ध्यानात येईस्तोवर
चारशे चादरी गेल्या नांदेडला.
दिवाळीला व्यापारी आला. म्हणाला,
तो तीन पायांचाच पाठवा.
एकदा पडलं तर चूक, मास्तर. मागितलं तर नक्षी."

आणि कुणी मागितलंच नसेल तर?
भूमय्या काही बोलला नाही.
आत कांड्या भरणारी त्याची सून
तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि हसली.

परत येताना आप्पांचा शब्द आठवला.
गिरणीचा भोंगा वाजला नाही त्या संध्याकाळी
ओट्यावर बसून, कुणाकडेही न बघता
ते एकच शब्द बोलले होते.
आईला वाटलं तेलुगू असेल, सासरचं.
आत्यांनी कानावर हात ठेवले: आमच्यात नाही, कन्नड असेल.
अक्कलकोटचे मामा म्हणाले, छे, हे दखनी.
मुल्लाबाबा टेकडीवरचे जिलानीचाचा
बराच वेळ तो शब्द तोंडात घोळवत राहिले,
मग म्हणाले, "अरे, ये तो तुम्हारा मराठीच है."
चार भाषांच्या दारांत उभा राहून
उपाशी परत आला.

मी तो इथे लिहिणार नाही.
लिहिला तर दोनदा होईल,
आणि मला अजून ठरवता आलेलं नाही
की आप्पांचं तेव्हा काय चुकलं होतं.

रात्री भाषांतर पुरं केलं.
म्हातारी लोकर सोडते, मग…, मग सगळं नदीत टाकते.
कात्री नाही, थुंकी नाही, तीन टिंबं.
तळटीप: अर्थ अनिश्चित.
त्याखाली लिहिलं, कदाचित तिचा हात थांबला असेल,
आणि खोडलं.
खोडलेलं वाचता येतंय. असू दे.

पावणेबाराला वीज गेली.
अशोक चौकापर्यंतचे माग एका दमात गप्प,
धोटे जिथल्या तिथे, ताण्याच्या पोटात.
गल्लीतून कुणीतरी ओरडलं, "काय झालं?"
अंधारात चाचपडत घड्याळ शोधलं.
उद्या पाचवा दिवस.
तीनचा गजर लावला.