अडीचशेच्या आत

चिखलीच्या यार्डात कायतान विचारतो,
आगे बाय, पाइप इतको मऊ कित्याक?
मी कडकपणा मोजायचं यंत्र जोडावर टेकवते.
दोनशे एकतीस. चालेल.
पुढचा दोनशे चौऱ्याहत्तर.
खडूने फुली.
त्याला वाटतं मी कटकटी आहे.
आहेच.

हा वायू पोलाद नुसतं खात असता तर बरं होतं.
खाण्यासाठी तीन मिलिमीटर जाडी जास्तीची धरली आहे,
खा म्हणावं वीस वर्षं.
पण त्याच्यातला हायड्रोजन, सगळ्यांत लहान,
सुटा होऊन भिंतीत शिरतो,
आणि आत गंधकाचा एखादा डाग असला,
पत्रा लाटताना भाकरीसारखा चपटा झालेला,
तर त्याच्या कडेला बसून राहतो.
दुसरा आला की जोडी जमते,
जोडीला बाहेरची वाट पुरत नाही,
पोलादाला आतून फोड येतो.
म्हणून खरेदीच्या कागदावर लिहिलंय:
गंधक लाखात दोन, त्याहून कणभर नको.

आणि वेल्डच्या शेजारी,
जिथे ताव बसून लगेच निवलं,
ते पोलाद अकडतं.
तिथे त्याला जोडीही लागत नाही.
आदल्या दिवसापर्यंत ठणठणीत,
मग तडा.

वेर्ण्याच्या ऑफिसात प्रभुगावकर साहेब म्हणाले,
प्रत्येक जोड तापवायचा? बिल बघितलंत?
बघितलं.
उतार शंभराला एक, तोही ठेवलाय.
पाणी साचेल असा खळगा नाही,
कुठेच न जाणारी फांदी नाही.
कोरडा असला की हा वायू पाइपाच्या वाटेला जात नाही,
त्याला ओल लागते.

माणसाला तेवढीही लागत नाही.

मी अकरा वर्षांची, खारीवाड्याची जेटी.
बंदीचा महिना, ट्रॉलर किती दिवस उभा,
तळात राहिलेली मासळी.
शाबूमामा बादली घेऊन उतरला.
खालून हसत ओरडला, कुसकीं तांतयां रे!
वर सगळ्यांनी नाकाला फडकं लावलं.
थोड्या वेळाने पुन्हा त्याचा आवाज,
वास गेलो रे, गेलो!
आणि वर सगळ्यांना बरं वाटलं.
मलाही.

वास जात नाही, नाक जातं,
हे मला चौथ्या सेमिस्टरला कळलं,
एका तक्त्याच्या तिसऱ्या ओळीत.
पुस्तक तसंच उघडं टाकून
मी कँटीनला जाऊन चहा प्यायले.
दुसरं काय करणार होते.

त्याच्या हातातलं चांदीचं कडं
बाहेर काढलं तेव्हा काळं पडलं होतं.
सोनार म्हणाला, घासलं की उजळेल.
मामीने घासू दिलं नाही.
अजून आहे, तांदळाच्या डब्यात,
का तांदळाच्या, ते कुणी विचारत नाही.

संध्याकाळी कायतान जोडाला कॉइल गुंडाळतो,
वर पांढरं लोकरीचं पांघरूण,
सहाशेवीस अंश, मग सावकाश निवणं,
वारा लागू द्यायचा नाही.
तो रात्रभर तिथेच खुर्ची टाकून बसतो, न सांगता.

सकाळी मी यंत्र टेकवते.
कितें आयलें?
दोनशे सोळा.
तो काही बोलत नाही.
अंगठा थुंकीने ओला करून
खडूची फुली पुसतो.