एक लाख अडुसष्ट हजार

मढवी म्हणाले, काटा फिरवलेला नाही.
एक लाख अडुसष्ट हजार.
म्हणजे पृथ्वीला चार फेऱ्या,
सगळ्या ऐरोली ते तुर्भे.

सलामत मिस्त्रीने पान्याचं टोक इंजिनावर टेकवून
दुसरं कानाला लावलं, डोळे मिटले.
"खोकतेय. पण खोटं बोलत नाही."
मी दहा हजार कमी मागितले.
मढवींनी तीन सोडले.

पैसे मोजून झाल्यावर मग एकेक सांगू लागले:
मागची डावी काच तळहाताने दाबून उतरवायची,
दुसऱ्या गिअरला घाई चालत नाही,
पाम बीचला ऐंशीच्या वर स्टिअरिंग थरथरतं,
तेव्हा रेडिओ मोठा करायचा.

खणात वही निघाली.
तारीख, लिटर, काटा,
बारीक निळ्या अक्षरांत तेरा वर्षं.
मधली काही पानं नुसतं
नेरूळ हॉस्पिटल, नेरूळ हॉस्पिटल.
मग एकदम: ऑइल बदललं.

परत द्यायला वळलो
तर ते जिन्यात पोचले होते,
गाडीच्या कव्हरची घडी काखेत.

शेजारची सीट मागे कललेली,
खटका अडकलाय.
हे तेवढं सांगितलं नव्हतं.
सलामत म्हणतो, दहा मिनिटांचं काम.
राहू दे.

सानपाड्याच्या पंपावर पेन मागून घेतलं.
लाल होतं.