बाणाचा ण

बाळ नऊ आठवड्यांचं, कर्ज दहा.
झोप दोघांनीही उडवली आहे.

कन्नमवार नगरच्या नव्या इमारतीत, सातव्या मजल्यावर,
तिला खांद्यावर टाकून ढेकराची वाट बघताना
मी सहज हिशोब केला :
शेवटचा हप्ता जाईल तेव्हा ही वीस वर्षांची.
आणि आम्ही?
ढेकर आला. प्रश्न तसाच अडकून राहिला.

सकाळी फाइल काढली.
माझ्या पीएफला नॉमिनी आई,
जिला जाऊन तीन वर्षं झाली.
हेरंबच्या विम्याला त्याचा भाऊ,
कारण तेव्हा त्याच्या आयुष्यात मी
फक्त एक मिस्ड कॉल होते.
सोसायटीच्या फॉर्मवर तर पेन्सिलीचं नुसतं टिंब.

सासूबाई म्हणाल्या, तान्ह्या पोराच्या घरात
असलं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते.
म्हटलं, म्हणू दे ना.
यातलं सगळं हिचं, एवढंच तर म्हणतोय आपण.

वकीलबाईंचं ऑफिस झेरॉक्सच्या दुकानावर.
त्या म्हणाल्या, नॉमिनी म्हणजे राखणदार,
त्याच्या हाती किल्ली असते, घर नसतं.
मग चष्मा काढला :
"दोघंही एकदम गेलात, तर मुलगी कुणाकडे?"

एकदम.
जसे रोज संध्याकाळी पवईच्या उतारावर
आम्ही एकाच स्कूटरवर असतो, तसं.

हेरंबच्या भावाचं ठाण्यात मोठं घर, दोन गाड्या,
पण तो वेटरला चुटकी वाजवून बोलावतो.
माझी मावसबहीण कुमुद, कांजूरला दीड खोलीत,
मांजरीलासुद्धा "सरका हं जरा" म्हणते.
दोन रात्री भांडलो, कुजबुजत, बाळ उठू नये म्हणून.
तिसऱ्या रात्री कुमुदला फोन लावला.
ती काही बोलेना. मागे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.
"थांब, तिसरी होऊ दे," म्हणाली,
आणि गॅस बंद करून परत आली :
"हो. पण हेल्मेट घालत जा.
मागे बसणारीनेसुद्धा."

टायपिस्टने विचारलं, मुलीचं नाव?

बारसं अडलं होतं. दोन घरांच्या दोन याद्या,
जन्मदाखल्यावर अजून कोरी जागा.
त्याची बोटं कीबोर्डवर थांबलेली.
हेरंबने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "मृण्मयी."
माझ्या यादीतलं होतं ते.
"न कुठला? नळाचा की बाणाचा?"
"बाणाचा," आम्ही म्हणालो.
एकदम.

तर आमच्या लेकीचं नाव
पहिल्यांदा कागदावर उमटलं ते आमच्या मृत्युपत्रात.
पेढे नंतर वाटले.

मी आणखी सांगत होते :
ती डाव्या कुशीवर झोपते,
पंख्याची करकर थांबली की जागी होते,
रडायच्या आधी कान लाल होतात तिचे...
वकीलबाई म्हणाल्या, हे यात बसत नाही,
घरी वेगळं लिहा.
लिहिते आहे.

साक्षीदार दोन. पाचव्या मजल्यावरचे डिमेलो अंकल,
स्वतःचं पेन घेऊन आले.
आणि मालिशवाल्या शेवंताबाई.
"काय लिवलंय, ते नाय विचारत," म्हणाल्या,
"तुमी सही केली ती म्या बघितली. बास ना?"
हात पदराला पुसले, जीभ दातांत धरून
एकेक अक्षर काढलं.
अंगठ्याचं तेल तरीही उतरलंच
"सर्व स्थावर व जंगम" या ओळीवर;
तिथून आता पलीकडचं दिसतं.

पाकीट कपाटात, दुसऱ्या खणात,
लसीकरणाच्या कार्डाला चिकटून.
कुमुदला सांगून ठेवलंय. ठाण्याच्या दिरालाही,
तो थोडा रुसला.

कार्ड काढताना दर वेळी पाकीटही हाताला लागतं.
पुढचा डोस गुरुवारी.