कमजोरी सांगा

जुईनं वहीत अकरा प्रश्न उतरवून काढलेत.
प्रत्येकाखाली चार ओळी मोकळ्या, माझ्यासाठी.
रात्री साडेनऊ, उत्तमनगर, दुसरा मजला,
ताटं अजून उष्टीच,
आणि ती टेबलापलीकडे पाय हलवत म्हणते,
"या, बसा, मिस्टर गांगुर्डे. स्वतःबद्दल सांगा."

स्वतःबद्दल.
बावीस वर्षं सातपूरला, टूलरूममध्ये.
डाय बनवतो, दुरुस्त करतो,
पत्रा कापल्याचा आवाज ऐकून सांगतो
धार किती गेली ते.
"असं नाही, बाबा. आधी नाव, मग शिक्षण, मग हसायचं."
मी हसतो.
"एवढं नाही."

जुनी नोकरी का सोडली?
मी कुठे सोडली? एका सोमवारी गेलो
तर गेटला साखळी, आणि वॉचमन शेखचाचा
आपलंच काही चुकल्यासारखा खाली बघत होता.
डबा तसाच परत आणला. मेथीची भाजी होती.
जुईनं लिहिलंय, "नव्या आव्हानांच्या शोधात."
मी दोनदा वाचलं.
कुठलं आव्हान, विचारलं तर?
"फी," आतून बायको म्हणाली.

मधले चौदा महिने काय केलं?
मेव्हण्याच्या झेरॉक्सवर बसलो, सीबीएसजवळ.
पोरांचे बायोडेटे काढून दिले, दोन रुपये पान.
"कन्सल्टन्सी लिहू?" जुई खरंच विचारते.
नको गं.

चाकणला जायची तयारी आहे?
याच्याखाली तिनंच आधी "नाही" लिहून खोडलेलं,
वर "हो". पेन इतका दाबलेला
की मागच्या पानावर उमटलाय.

कमजोरी सांगा.
इथे वही मिटली मी.
आहे एक. कुठेही बर दिसली की हात जातो.
बसच्या सीटचा पत्रा, शेजाऱ्यांचं फाटक,
लग्नातल्या स्टीलच्या ताटाची कड,
नख फिरवून बघतो,
आणि रात्री झोपताना ती कड अजून बोटात असते.
कानस घेऊन परत जावंसं वाटतं. परक्या मांडवात.

जुई लिहीत नव्हती. बघत होती नुसती.
मग म्हणाली, "हेच सांगा. अस्संच."

आठवडाभर म्हटलं. दाढी करताना म्हटलं.
त्रिमूर्ती चौकाच्या सिग्नलला स्कूटरच्या आरशात म्हटलं,
बाजूचा रिक्षावाला म्हणाला, "काय, काका?"

अंबड. केबिन गार.
समोरचा पोरगा जुईहून फार तर सहा वर्षांनी मोठा,
फोन उलटा ठेवला त्यानं, तेवढी रीत होती.
"नाइट शिफ्ट चालेल?"
चालेल.
"गाडी आहे स्वतःची?"
आहे.
"वय... ठीक. कळवतो."

उठताना खुर्चीच्या हाताखाली
बोटाला लागली. बारीक. नवी खुर्ची होती.
क्षणभर बोट तिथंच राहिलं.
मग त्याला थँक्यू म्हणालो.

दारातच जुई. "कोणता विचारला?"
कमजोरीचा, म्हणालो.
"आणि?"
सांगितलं की. तू म्हणालीस तसंच. ऐकत राहिले.

तिनं वही काढली, लाल पेननं बरोबरची खूण केली,
जरा मोठीच.
मग बोट खाली सरकवलं.
"पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता, हा?"
हा नाही विचारला.
"मग करून ठेवू या," ती म्हणाली,
माझ्याकडे न बघता,
"पुढच्या ठिकाणी विचारतील."

मी बूट काढले.
खुर्ची ओढली.
विचारा, म्हणालो.