कणी

मार्केट यार्डात, सौद्याच्या गाळ्यामागं,
पोत्यांच्या थप्पीत कुत्री व्याली.
आई यार्डाचीच. बाप विश्रामबागेतल्या कुठल्याशा बंगल्यातला,
पांढरा, केसाळ. इलाही म्हणाला,
फाटक उघडं राहिलं असणार.

पाच पिल्लं. पाचही पिवळी,
रंगानं नव्हे, हळदीनं.

पोरगी महिनाभर पुण्याहून फोटो पाठवत होती
रिबीन बांधलेल्या, बशीएवढ्या तोंडाच्या कुत्र्यांचे.
खाली किंमत. "पप्पा, जातिवंत आहे, कागद मिळतात."
मी तोलार. छत्तीस वर्षं काट्यापाशी उभा.
कागदावरचं वजन मला नका सांगू.

पण निवडायला गेलो ते मालासारखंच.
हळकुंड मोडून आतला रंग बघावा
तशी एकेकाची हिरडी बघितली, पोट चाचपलं,
मागं टाळी वाजवली, कोण दचकतं पाहायला.
भुरा नर पसंत पडला. जाड पायांचा,
माझा अंगठा धरला तो सोडेचना.
हाच, म्हटलं. उद्या टोपली घेऊन येतो.

उद्या आलो तोवर तासगावचा एक बागाईतदार
त्याला जीपमध्ये घालून घेऊन गेलेला.
दोन आधीच गेली होती. एक रात्रीत मेलं.
उरली ती ही.
टाळीला न दचकलेली,
किंवा दचकायचंही त्राण नसलेली.
काट्यावर ठेवली. सातशे ग्रॅम.
काट्यावरच झोपली.

हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा,
चाळणीखाली पडते ती कणी.
कणीला बोली शेवटी लागते.
नाव तिथंच ठरलं.

कुसुमनं दार उघडलं, टोपलीत वाकून बघितलं.
"निवडून आणलंत, का उरलं ते?"
मी गप्प.
"तुमची सवयच ती," म्हणाली,
आणि दूध कोमट करायला आत गेली.
तिच्या घरी मी आधी थोरलीला बघितलं होतं.
थोरलीचं जयसिंगपुरात जमलं.
एकेचाळीस वर्षांत ह्यावर आम्ही
एवढंच बोललो.

चौगुले डॉक्टरांनी कार्डासाठी जात विचारली.
म्हटलं, लिहा, सांगली.
ते हसले नाहीत. 'मिक्स' लिहिलं.
दूध नको. कांदा नको. मऊ भात, बिनमिठाचा, चार वेळा.
आणि बेदाणा एकही नको, किडनी जाते.
ह्या जिल्ह्यात!
जिथं पाहुण्याच्या हातावर पाण्याआधी बेदाणा पडतो.
कुसुमनं त्याच दिवशी बरणी माळ्यावर टाकली.
गोचिडानं कानामागं जखम केली,
मी हळदीचा डबा काढला.
हळद नको, मलम लावा, म्हणाले डॉक्टर.
मग छत्तीस वर्षं मी काय मोजलं?

रोज सकाळी स्वयंपाकघरात वजन. कुसुम वहीत लिहायची.
सातशे साठ. आठशे दहा. हजार शंभर.
मग एका रात्री उलट्या, आणि तसलं रक्त.
तीन दिवस सलाइन, टॉवेलात गरम पाण्याची बाटली,
आळीपाळीनं जागणं.
चौथ्या सकाळी तिला ताटलीत ठेवली.
आठशे नव्वद.
कुसुम वही घेऊन येत होती.
मी ताटलीच्या कडेला अंगठा टेकवला, हलकेच.
नऊशे साठ.
आयुष्यात पहिल्यांदा.
कुसुमनं आकडा बघितला. अंगठा बघितला.
वहीत लिहिलं, नऊशे साठ.

आता पावणेपाच किलो. एक कान उभा, एक पडका.
पेपरवाल्याच्या चपलेशी जुनं वैर,
फटाक्यांना मात्र कुसुमच्या पदराखाली.
पोरगी आली की तिच्याच मांडीवर झोपते,
कागद कुणी मागत नाही.

संध्याकाळी घाटावर फिरवतो.
लोक विचारतात, छान आहे हो, निवडून आणली का?
तर, म्हणतो मी,
पाचांतून. गेलो आणि एकदम हिच्यावरच नजर गेली.

कुसुम पायरीवर बसते,
चप्पल काढून झटकत राहते,
खडा नसलेली.