नळीचं भोक

ग्युमरीत घरांच्या भिंती काळ्या दगडाच्या,
हातभर जाड.
पुढच्या खोलीत मोडेम,
आणि तिथेच सासूबाई, नऊला दिवा मालवून.
मागच्या खोलीत मी, लॅपटॉप,
आणि पंख्याच्या चित्रातली एकुलती एक रेघ,
तीही येऊन-जाऊन.

रात्री अकराला ब्यूनस आयर्समध्ये चार वाजतात.
मातियास शाळेतून येतो,
दप्तर न काढताच बसतो
पणजोबांची भाषा शिकायला.
‘पाणी’ म्हणता म्हणता गोठतो,
ओठांवर अर्धं अक्षर, डोळे मिटलेले.
असे तीन तास वाया गेले.
त्याच्या आईने पैसे कापले नाहीत,
फक्त लिहिलं, बघा काही होतंय का.

बघितलं.
मोडेम कपाटावर चढवला.
पातेल्याचं झाकण त्याच्या पाठीशी उभं केलं.
दार सताड उघडं टाकलं,
थंडी तेवढी आत आली.
बाजारात तीन डब्यांचा संच होता,
अंड्यांसारखा पांढरा, पंचेचाळीस हजार द्राम.
माझ्याकडे सहा.
वाहराम दुकानदार म्हणाला, मग केबल घे,
केबलला फक्त भोक लागतं.
वीस मीटर मोजून दिली.
टोकाला लावायच्या खुंट्या दोनऐवजी चार,
मी चुकणार हे त्याला दिसत होतं.
वर एक जुना राउटर,
एक शिंग मोडलेला, बैलबाजारात कुणी घेणार नाही असा.

सासूबाई म्हणाल्या, ड्रिल लावायचं नाही.
भूकंपात अख्खी गल्ली बसली,
ही भिंत उभी राहिली.
आणि तू हिला आता इंटरनेटसाठी—
पुढचं त्या चहाबरोबर गिळून गेल्या.

दोन दिवस आम्ही मीठ-भाकरीपुरतं बोललो.

तिसऱ्या दिवशी स्टुलावर चढल्या.
बँकेचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढलं,
नखाने कागद सोलला:
पत्र्याचं गोल झाकण, लोणच्याच्या डब्याचं.
आत चिंध्या. एक लहान मोजा.
वर्तमानपत्राचा बोळा, पिवळा, कडक.

त्र्याण्णवचा हिवाळा, म्हणाल्या.
वीज नाही, गॅस नाही, शेगडी एकच.
नळी इथून पलीकडे नेली होती,
कारेनच्या खोलीत जरा ऊब जावी म्हणून.
आधी खुर्च्या जाळल्या. मग फळ्या.
मग?
मग जाड पुस्तकं.
पातळ लवकर संपतात.

मोजा त्यांनी झटकला आणि खिशात घातला.
कारेन आता क्रास्नोयार्स्कला आहे,
दुसऱ्यांच्या भिंती बांधतो.

केबल आत घातली तर काजळी लागून आली,
माझ्या बोटांना, मग कपाळाला.
आठ तारा, केसाएवढ्या:
पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी,
पांढरी-निळी, हिरवी, आणि शेवटी तपकिरी जोडी.
पहिल्या खुंटीत हिरवी नि निळी अदलाबदल झाली.
दुसरी दाबताना फुटली.
तिसऱ्या वेळी सासूबाईंनी चष्मा लावून
एकेक रंग मोठ्याने वाचला,
जपमाळ ओढावी तसा.
मोडक्या राउटरला एवढंच बजावलं,
पत्ते वाटायचं काम थोरल्याचं,
तू फक्त आलेलं पुढे दे.
हिरवा दिवा लागला. विझला. लागला.

भिंतीला कान असतात म्हणतात.
आमच्या भिंतीला तो मीच मोकळा करून दिला,
चिंध्या परत कोंबायच्या राहून गेल्या.
काल अकरा वाजता मातियास म्हणाला, चुर.
पूर्ण म्हणाला. कुठेही गोठला नाही.
मी म्हटलं, जुर. पाणी. जुर.
तो म्हणाला, चुर, पणजोबा असंच म्हणायचे.

तेवढ्यात कॅलेंडरच्या खिळ्याखालून,
अंधारातून, झोप न लागलेला आवाज:
राहू दे त्याला.
माझी आईही असंच काहीसं म्हणायची.

मातियासने विचारलं, कोण बोललं?

चार मीटर केबल उरली आहे.
गुंडाळून खिळ्याला टांगली.
सकाळी बघते तर त्यावर मोजा वाळत घातलेला,
धुतलेला,
एकच.